सलाईन न लावता बरे करणारी कॅज्युअल्टी

लहान मुलाला रात्री उलट्या सुरू झाल्या की कोल्हापुरातील बहुतेक घरांची अपेक्षा ठरलेली असते : दवाखान्यात न्यावे, सुई टोचावी, सलाईनची बाटली लावावी आणि पहाटे घरी परतावे. राजारामपुरीच्या मागच्या बाजूला असलेल्या या बालरुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आमच्या नातीला नेले तेव्हा यातले काहीही झाले नाही, आणि झाले नाही म्हणूनच हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली असल्याने कोणते औषध किती आणि कशासाठी दिले जाते याकडे सवयीनेच लक्ष जाते. त्यामुळे बसायची सोय आणि बिल यांच्यापेक्षा उपचारांविषयी येथे अधिक लिहिले आहे.

नात चार वर्षांची आहे. संध्याकाळपासून तिला उलट्या होत होत्या, रात्री जुलाबही सुरू झाले आणि घोटभर पाणीदेखील पोटात ठरेना, तेव्हा मुलगा, सून आणि मी तिला घेऊन निघालो. पावसाळ्याच्या अखेरीस, पंचगंगेचे पाणी गढूळ असते त्या दिवसांत, पोट बिघडलेली मुले घरोघर असतात, त्यामुळे गर्दी असणार हे गृहीतच होते. गर्दी होतीही, परंतु केसपेपरच्या खिडकीकडे वळण्याआधीच दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरांनी नातीला जवळ घेतले. मूल आजूबाजूला लक्ष देते आहे की निपचित पडले आहे, श्वास घेताना त्याला कष्ट पडत आहेत का, आणि त्वचेचा रंग फिका किंवा डागाळलेला दिसतो का, या तीन गोष्टी हात न लावताही अर्ध्या मिनिटात कळतात, आणि मूल किती आजारी आहे याचा पहिला अंदाज जगभर याच तीन गोष्टींवरून बांधला जातो. तो अंदाज येथे खिडकीतल्या पावतीच्या आधी बांधला गेला. आमच्या मागून आलेल्या, दम लागलेल्या एका तान्ह्या बाळाला आमच्या आधी आत घेतले, आणि तसे का केले हेही सिस्टरांनी आम्हाला सांगितले. रांग मोडल्याची तक्रार करायला मग कोणालाच जागा उरली नाही.

आत गेल्यावर वजन आईला विचारले नाही, नातीला काट्यावर उभे केले. वजन चौदा किलो भरले. लहान मुलांची बहुतेक औषधे किलोवर ठरत असल्याने ही साधी गोष्ट मोलाची आहे, आणि ती टाळणारे दवाखाने पुष्कळ आहेत. त्यानंतर डॉक्टर मॅडमनी छातीच्या मध्यावर बोटाने दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले (दोन सेकंदांच्या आत यावा), पोटाच्या त्वचेला चिमटा घेऊन पाहिला, जिभेचा ओलावा पाहिला, रडताना डोळ्यांत पाणी येते का हे सुनेला विचारले आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली. साखर कशासाठी, असे मुलाने विचारलेच. लहान मुलाने बारा-चौदा तास काही खाल्ले नाही तर साखर उतरू शकते आणि त्यानेही मळमळ वाढते, असे उत्तर मिळाले. उलट बाजूही आहे : घरात कोणाच्या ध्यानीमनी नसताना मुलाला मधुमेह झालेला असतो, तहान, वारंवार लघवी आणि उतरलेले वजन कोणी मनावर घेतलेले नसते, आणि उलट्या व जोराचा श्वास घेऊन ते मूल पहिल्यांदा दवाखान्यात येते. त्याला ‘पोटाचा संसर्ग’ म्हणून घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. एका थेंबाने हे टळते.

प्रश्नही नेमके होते. उलटीचा रंग हिरवा होता का? डोक्यावर पडली होती का? घरातील कोणाच्या गोळ्या हाताला लागल्या असतील का? शेवटची लघवी केव्हा झाली? पोट थांबून थांबून दुखते का आणि त्या वेळी पाय पोटाशी घेते का? यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक वेगळा आजार उभा असतो. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला कोठेतरी अडथळा असल्याची शंका, आणि तान्ह्या बाळात तर ती शस्त्रक्रियेची तातडी समजली जाते. आतड्यात आतडे शिरले असेल तर मूल कळ आली की पाय आखडून रडते, मध्येच शांत होते, आणि पुढे शौचातून रक्त-शेंब पडते. सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखीसह होणाऱ्या उलट्यांचे मूळ पोटात नसून डोक्यात असू शकते. मूत्रमार्गाचा संसर्ग, अपेंडिक्स, मेंदूज्वर, सगळ्यांची सुरुवात उलटीने होऊ शकते. ही चौकशी झाल्यावरच, आणि पोट सर्व बाजूंनी दाबून पाहिल्यावरच, डॉक्टर मॅडमनी साधा जठरांत्रशोथ, म्हणजे पोट-आतड्यांचा संसर्ग, असल्याचे सांगितले. उलटी थांबवणारे औषध त्यानंतर आले, आधी नाही. हा क्रम मला या कॅज्युअल्टीचा सर्वात मोठा गुण वाटतो.

एक उणीव मात्र येथेच नोंदवतो. भिंतीवर दुखणे मोजण्यासाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता लावलेला होता, मळमळ मोजण्याचे काहीच नव्हते. उलट्या किती झाल्या हे सगळे विचारतात, मळमळ किती आहे हे कोणी विचारत नाही. नात उलटीच्या मधल्या वेळात गप्प बसून सारखी लाळ गिळत होती, जांभया देत होती, ओठ पांढरे पडले होते, आणि विचारले तर “आबा, पोटात कसंतरी होतंय” एवढेच म्हणत होती. या वयाची मुले मळमळीला बहुतेक वेळा पोटदुखीच म्हणतात, आणि ऐकणारा तसेच लिहून घेतो. मळमळीसाठी सहा चेहऱ्यांची, शून्य ते दहा गुणांची एक स्वतंत्र पट्टी तयार झालेली आहे, ती जरा मोठ्या मुलांना दाखवता येते आणि औषधाने खरोखर आराम पडला की नाही हे त्यावरून समजते. तक्ता छापायला फारसा खर्च येत नाही. तोवर सिस्टरांच्या नजरेवर भिस्त आहे, आणि ती नजर निदान त्या रात्री तरी चांगली होती. लाळ गिळताना पाहून त्यांनी न सांगता ट्रे पुढे केला.

औषध दिले ते ऑन्डॅन्सेट्रॉनचे सिरप, पाच मिलिलिटर, म्हणजे दोन मिलिग्रॅम, आणि तेही एकदाच. हे औषध मुळात कर्करोगाच्या केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी आले. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. संसर्गाने दुखावलेले आतड्याचे अस्तर सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडते, ते व्हेगस चेतेच्या टोकांना चाळवते, आणि तो निरोप मेंदूतील उलटीच्या केंद्रापर्यंत जातो. ऑन्डॅन्सेट्रॉन हा निरोप वाटेतच अडवते. शिकागो येथील एका बालरुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात २१५ मुलांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडात विरघळणारी एक गोळी मिळालेल्या मुलांपैकी १४ टक्के मुलांना पुन्हा उलटी झाली, तर औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. शिरेतून द्रव द्यावे लागलेल्यांचे प्रमाणही ३१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांवरील मुलांसाठी मात्रा वजनाने ठरते : आठ ते पंधरा किलोपर्यंत दोन मिलिग्रॅम, पंधरा ते तीस किलोपर्यंत चार, त्यापुढे आठ. नातीची मात्रा त्यात नेमकी बसली.

सुनेने घरी देण्यासाठी बाटली लिहून मागितली, तेव्हा डॉक्टर मॅडमनी नकार दिला, आणि तो नकार समजावून दिला. एका मात्रेने पाणी पोटात ठरू लागले की औषधाचे काम झाले; पुढे देत राहिले तर जुलाब वाढू शकतात, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीचा जन्मजात दोष असलेल्या मुलांत तर ते जपून वापरावे लागते. नातेवाइकांपैकी कोणाला असा दोष आहे का, हे औषधाआधीच विचारले होते. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय नेलेल्या बाटलीबरोबर हा प्रश्न येत नाही.

येथे काय दिले नाही हेही लिहिले पाहिजे, कारण गल्लीबोळांतील कित्येक दवाखान्यांत उलटी म्हटली की आजही मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन कमरेत जाते. त्याने काही मुलांची मान एका बाजूला वळते, डोळे वर लागतात, जबडा आणि जीभ आखडतात. मूल शुद्धीवर असते आणि भेदरून जाते. घरचे लोक त्याला फिट समजतात, आणि काही ठिकाणी तर अंगारा लावण्यापर्यंत मजल जाते. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये एक वर्षाखालील बाळांना हे औषध देऊच नये असे ठरवले आणि मोठ्या मुलांतही त्याचा वापर अगदी मर्यादित केला. उलटीवरच्याच डॉम्पेरिडोनचे सिरप आपल्याकडे घरोघरच्या फ्रीजमध्ये सापडते. बारा वर्षांखालील मुलांत त्याचा उपयोग सिद्ध न झाल्याने ब्रिटनमध्ये २०१९ पासून या वयासाठी त्याची शिफारस काढून घेतलेली आहे. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात गाडी लागते म्हणून मुलांना प्रोमेथॅझिन पाजणारे पालकही कमी नाहीत. दोन वर्षांखालील मुलांत त्याने श्वास मंदावू शकतो, आणि अमेरिकेत त्यासाठी २००४ पासून औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापावा लागतो. यापैकी एकही औषध येथील चिठ्ठीवर आले नाही.

सिरप दिल्यावर वीस मिनिटे काहीही पाजायचे नाही, आणि पंधरा मिनिटांच्या आत उलटी झाली तर पुन्हा सांगायचे, असे बजावून सिस्टरांनी मुलाच्या हातात बिनसुईची पाच मिलिलिटरची सिरिंज दिली आणि भिंतीवरचे घड्याळ दाखवले. दर दोन मिनिटांनी एक सिरिंज ओआरएस, गालाच्या आतल्या बाजूने, सावकाश. अर्ध्या तासानंतर दोन सिरिंज. पुढे मूल घेईल तसे वाढवायचे. नातीने पहिल्या काही सिरिंजा तोंड वाकडे करून घेतल्या आणि नंतर सिरिंज स्वतःच हातात मागितली. काही प्रमाणात शुष्कता असलेल्या, म्हणजे अंगातले पाणी कमी झालेल्या, मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत, असा आहे. नातीसाठी तो एक लिटर आणि वर पन्नास मिलिलिटर झाला. ऐकताना आकडा मोठा वाटतो, पण थोडे थोडे दिले की गळी उतरतो. तहानलेल्या मुलाच्या तोंडाला भरलेला पेला लावला की तो सगळाच्या सगळा परत येतो, आणि ‘पाणीसुद्धा ठरत नाही’ असा निष्कर्ष काढून घर सलाईनकडे वळते. काम कंटाळवाणे आहे, ते आई-बापाकडूनच करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी कोणीतरी शेजारी उभे राहून धीर द्यावा लागतो. येथे सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन किती गेले ते कागदावर मांडत होत्या.

शेजारच्या खाटेवर गगनबावड्याकडून आलेले एक आजोबा होते. नातू त्यांच्या मांडीवर होता आणि ते सारखे म्हणत होते, “सलाईन लावा की ओ डॉक्टर, पोरगं पार गळाटलंय.” डॉक्टर मॅडमनी त्यांना दटावले नाही. “आजोबा, ते तुमच्याकडं बघून हसतंय, हातातली गाडी सोडत नाही. हे औषध चालतंय का बघू, एका तासात नाही चाललं तर मी स्वतः लावते सलाईन,” असे सांगून त्या पुढे गेल्या, आणि तासाभराने खरोखरच परत आल्या. तोपर्यंत पोराने वाटीभर ओआरएस संपवले होते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि बाकी पाणी. त्यात साखर नसते, पोटॅशियमही नसते. मूल सुस्तावले असेल, हातपाय गार पडले असतील, नाडी क्षीण असेल, किंवा औषधानंतरही उलट्या थांबत नसतील, तेव्हा शिरेतून द्रव देण्याला पर्याय नाही आणि तेथे विलंब करणे गुन्हा आहे. बाकीच्या मुलांच्या बाबतीत शीर शोधताना होणारी रडारड, सुजलेला हात आणि वाढलेले बिल एवढेच पदरी पडते. सलाईन नाकारणे खासगी रुग्णालयाच्या हिताचे नसते हे वेगळे सांगायला नको, म्हणून ही गोष्ट अधिक कौतुकाची.

आता तक्रारीचा भाग. याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या मेडिकल दुकानात ओआरएस मागितल्यावर मुलापुढे आधी ठेवला गेला तो सफरचंदाच्या चवीचा, चित्रे छापलेला पुडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. एवढ्या ग्लुकोजमुळेच आतडे मीठ आणि त्यामागोमाग पाणी ओढून घेते. अशा गोड पेयांत साखर याच्या कित्येक पट असते आणि ती उलट आतड्यात पाणी खेचून जुलाब वाढवते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. नाव बदलले तरी फळीवरची जागा बदललेली नाही, असे येथे दिसले. वरच्या मजल्यावर डॉक्टर तळमळीने सांगतात आणि खाली दुकानदार भलतेच पुढे करतो, ही विसंगती व्यवस्थापनाने दूर करावी. चिठ्ठीवर पुडीबरोबर ‘एक लिटर पाण्यात’ एवढे तीन शब्द ठळक लिहिले तर आणखी बरे, कारण लिटरची पुडी पेल्यात कालवून पाजणारी घरे मी पाहिली आहेत आणि तसले दाट, खारट पाणी मुलाला धोक्याचे असते.

बसायच्या सोयीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खाटेमागे एक स्टूल आहे, तिसऱ्या माणसाने उभे राहावे. पडदे पुरेसे आहेत. स्वच्छता चोख आहे, मात्र ती राखण्यासाठी मध्यरात्री उग्र वासाच्या फिनेलने फरशी पुसली, आणि त्या वासाने शांत झालेल्या दोन-तीन मुलांना पुन्हा उमासे आले. मळमळणाऱ्या मुलांच्या खोलीत वासाचा विचार व्हायलाच हवा. बिनवासाचे जंतुनाशक बाजारात मिळते. कॅन्टीनच्या तळणाचा वासही जिन्यातून वर येतो, त्या बाजूचे दार लावून घेतले तरी पुरे.

चार तासांनी नातीने लघवी केली, डोळे टवटवीत दिसू लागले आणि तिने भाताची मागणी केली, तेव्हा सोडण्यात आले. मऊ भात, दही, पेज, जे खाईल ते द्या, दूध तोडू नका, प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस द्या, असे सांगितले. जुलाबांसाठी झिंकही लिहून दिले, रोज वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस. झिंक योग्यच आहे; परंतु उपाशीपोटी दिले तर झिंकनेच उलटी होऊ शकते, हे सांगायचे राहिले, आणि उलटीसाठी आलेल्या मुलाच्या बाबतीत ते सांगायला हवे होते. घरी दिलेला कागद सगळा इंग्रजीत आहे. हिरवी किंवा रक्ताची उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, मूल उठवूनही नीट उठत नाही, पोट फुगले किंवा दुखणे एका जागी टिकून राहिले, यांपैकी काही दिसले तर लगेच आणा, हे तोंडी नीट सांगितले गेले. कागदावर ते मराठीत असते तर गगनबावड्याच्या आजोबांनाही घरी गेल्यावर वाचता आले असते.

बिल तपशीलवार मिळाले आणि सलाईनसह होणाऱ्या बिलाच्या मानाने खूपच कमी होते, ‘कन्झ्युमेबल्स’ या एका ओळीचा खुलासा मात्र खिडकीवर कोणाला करता आला नाही. रात्री सोनोग्राफी करणारे डॉक्टर फोन करून बोलवावे लागतात आणि लहान मुलांचे सर्जन येथे मुक्कामी नसतात, असे विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितले गेले. म्हणून हिरवी उलटी होत असलेले तान्हे बाळ घेऊन निघणाऱ्यांनी आधी फोन करून हे दोघे उपलब्ध आहेत का ते विचारावे, अथवा १०८ ला फोन करून थेट सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे जावे. रात्री दहानंतर पुढचे फाटक बंद असते. कॅज्युअल्टीचे दार मागच्या बोळात आहे, तेथे चारचाकी वळत नाही, त्यामुळे गाडी मुख्य रस्त्यावरच लावून मुलाला उचलून आणावे आणि सोबत कपड्यांचा एक जादा जोड घ्यावा.